अग्लायाचा बिनगाठीचा सदरा

गिरणीच्या गल्लीत तेओफिल मिस्त्रीचं घर कुणाला विचारावं लागत नसे. फाटकातून आत पाहिलं की अक्रोडाच्या झाडाखाली शिलाई मशीनचे लोखंडी पाय एकाला एक टेकून उभे दिसायचे. पावसाने तांबूस झालेले, कुणाची तरी गुरं पाणी प्यायला यावीत आणि त्यांना परत न्यायचं धन्याने विसरावं तसे.

तेओफिल गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात मिस्त्री होता. शर्ट शिवणाऱ्या बायकांच्या रांगांमधून तो तेलाची बुधली घेऊन फिरायचा. एखादी मशीन कुरकुरली की बाईने हात वर करण्याआधीच तिच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. पुढे कारखाना बंद पडला. मशिनी ट्रकमधून कुठे गेल्या ते कुणी सांगितलं नाही. तेओफिल घरी आला आणि अख्खा हिवाळा चुलीशेजारी बसून राहिला. अग्लाया, त्याची बायको, त्याच्यासमोर सूप ठेवायची, गार झालं की उचलायची. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायचं तर दोघांनीच, आणि त्यातल्या एकाने तोंड मिटलेलं.

वसंतात तो सिरेत नदीपलीकडच्या एका खेड्यात कुणाच्या तरी मयताला गेला. तिथे कोंबड्यांच्या खुराड्यात त्याला एक हातमशीन दिसली. तिच्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. कोंबडीला त्याने अदबीने बाजूला केलं, चाकाला हात लावला, चाक हललं नाही. संध्याकाळी तो ती मशीन पोत्यात घालून पाठीवरून घरी घेऊन आला, आणि त्या रात्री ताटातलं सगळं जेवला. अग्लायाने देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावला. मशिनी घरात आल्या त्या अशा.

मग त्या येतच राहिल्या. भंगारवाल्याकडून, माळ्यांवरून, इटलीला गेलेल्या मुलींनी कुलूप लावून ठेवलेल्या घरांतून. तेओफिल प्रत्येकीचा स्क्रू न् स्क्रू सोडवायचा, रॉकेलमध्ये भिजत घालायचा, मऊ लाल फ्लॅनेलने पुसायचा. काळ्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला तो साबण लावू देत नसे. साबण सोनं खातो म्हणायचा. तिथे फक्त तेलाचं बोट. आणि एक नियम होता त्याचा. हिच्यावर कोण शिवत होतं, तिचं नाव काय, हे कळल्याशिवाय तो मशीन उचलत नसे. त्या नावानेच ती घरात नांदायची.

"आज कुणाला आणलंस?" अग्लाया विचारायची.

"झामफिराबाई. टेकडीपलीकडच्या. लग्नाचे कपडे शिवायच्या."

"या बाई, या. झोपायला जागा नाही. पण तुम्हा सगळ्यांच्या खडखडाटात इथे झोप कुणाला लागतेय!"

आधी उन्हाळी स्वयंपाकघर भरलं. मग पाहुण्यांची खोली भरली. शेवटी एक मशीन पलंगाच्या उशाशी आली, तेव्हा अग्लाया शेजारच्या प्रोफिराला म्हणाली, "बाकीच्या बायकांना एखादी सवत असते. माझ्याकडे पलटण आहे. पण माझ्यावाल्या निदान सैपाकात चुका काढत नाहीत."

ती हसायची, आणि त्याच्यासाठी फ्लॅनेलचे रुमाल शिवायची. कारखाना बंद झाला तेव्हा लाल फ्लॅनेलचा एक तागा कुणालाच नको होता. तो तिने हातगाडीवर घालून आणला होता. त्याचे ती चौकोन कापायची आणि चारही कडा दुमडून टीप मारायची. "कडा मोकळ्या ठेवल्या तर सुतं निघतील," ती म्हणायची, "आणि तुझ्या बायांच्या दातांत अडकतील."

हे रुमाल ती शिवायची तिच्या स्वतःच्या मशीनवर. मागच्या खोलीत खिडकीशी ती मशीन होती. लग्नात मिळालेली साधी पायमशीन, कोपऱ्यावरचा रंग उडालेला. तिच्यावर ना वेलबुट्टी, ना सोनं. संग्रह करण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. तिच्यावर जी शिवत होती ती जिवंत होती आणि रोज समोर दिसत होती.

काही वर्षांपासून ती मशीन त्रास देत होती. वरचा दोरा ताण धरत नसे. कापडाच्या वरून टीप बरी दिसायची, खाली मात्र दोऱ्याचा गुंता व्हायचा, पक्ष्याने घरटं बांधावं तसा. अग्लायाने त्यावर आपला उपाय काढला होता. उजव्या हाताने कापड सरकवायचं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा चिमटीत धरून ताण द्यायचा. त्या दोऱ्याने तिच्या बोटाला एक बारीक रेघ पडली होती, कातरीने आखल्यासारखी. कणीक मळताना ती दिसायची.

"तेओफिल, माझीला बघशील का रे? खाली गुंता करते."

"बघतो ना. ही एवढी झाली की."

"ही झाली की दुसरी येते."

"शिवतेय ना पण?"

"ती नाही शिवत. मी शिवते."

हे संभाषण त्या घरात इतक्यांदा झालं होतं की दोघांनाही त्याचे शब्द ऐकू येईनासे झाले होते.

शेवटच्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासांत, अग्लायाने पेटीतून एक कापडाचा गुंडाळा काढला. तिच्या आईने मागावर विणलेलं लिनन, कोऱ्या दुधाच्या रंगाचं, आजवर कशालाच न वापरलेलं. तेओफिल तेव्हा झामफिराबाईंची मशीन उघडून बसला होता. त्या मशीनचं बॉबिन होडीसारखं लांबट, पुढे-मागे झुलणारं होतं. असं त्याने जन्मात हातात धरलं नव्हतं. त्याच्या ओठांत दोन स्क्रू होते.

"कसलं कापड?" त्याने स्क्रूंमधूनच विचारलं.

"माझं आहे."

"पडद्याला?"

"हो, पडद्यालाच समज." ती थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली. "तेओफिल, या वेळी मशीन खरंच नीट हवीय मला. गाठ पडून चालणार नाही."

"हं."

"हं काय? ऐकलंस का?"

"ईस्टर झाला की बघतो. देवाशपथ."

"देवाला कशाला मध्ये घालतोस? त्याला इतर कामं आहेत," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

गाठ चालणार नाही, हे त्या भागातल्या कुठल्याही बाईच्या कानावर पडतं तर तिने हातातलं काम टाकलं असतं. बिनगाठीचं एकच वस्त्र असतं, मयताच्या अंगावर घालायचं. पिकल्या वयाच्या बायका ते स्वतःच्या हाताने शिवून पेटीच्या तळाशी ठेवतात. त्यात गाठ राहिली तर आत्मा त्या गाठीत अडकतो, देहापासून सुटत नाही, असं मानतात. तेओफिललाही हे ठाऊक होतं. त्याच्या आईचा सदरा त्याने पाहिला होता. पण त्या दिवशी त्याचे कान झामफिराबाईंच्या होडीत होते.

उपासांच्या पाचव्या आठवड्यात अग्लाया विहिरीवर पाणी काढायला गेली आणि तिथेच बसली. डोकं दुखतंय म्हणाली. प्रोफिराने तिला धरून घरात आणलं, तेओफिलने हात पुसत पुसत तिच्या पायातले बूट काढले, तोवर ती गेली होती. त्याच्या हातावरचं तेल तिच्या मोज्यांना लागलं.

तिला आंघोळ घालायला प्रोफिराच होती. तीस वर्षांपासूनची शेजारीण, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिने अग्लायाची पेटी उघडली. काळा घागरा होता. डोक्याचा रुमाल, नवे मोजे, मेणबत्ती, टॉवेल, छोटी तसबीर, सगळं इस्त्री करून, वाळलेल्या तुळशीच्या काड्या मध्ये घालून ठेवलेलं. प्रोफिराने पेटी तळापर्यंत उपसली आणि बाहेर आली.

"सदरा कुठाय?"

"कसला सदरा?" तेओफिलने विचारलं.

"कसला म्हणजे? माझ्या लग्नातला! शेवटचा सदरा, तेओफिल. शेवटचा."

त्याने मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं. घरात कोणत्या मशीनची कोणती सुई कुठल्या डबीत आहे हे त्याला अंधारात सांगता आलं असतं.

"एवढी टापटिपीची बाई," प्रोफिरा म्हणाली आणि तिने हातातले मोजे पुढे धरले. "मोज्यांना इस्त्री करणारी बाई. ती सदरा विसरेल?"

मग तिने स्वतःचा रविवारचा ब्लाउज आणला. नायलॉनचा, मोत्यासारखी बटणं असलेला. प्रोफिरा अंगाने दुप्पट. तो ब्लाउज अग्लायाच्या पाठीमागे टाचण्या लावून आवळावा लागला. चर्चमध्ये बायकांनी पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि मयताच्या जेवणात आवाज खाली करून बोलल्या. तेओफिलला सगळं ऐकू आलं. आता त्याचे कान मोकळे होते.

ईस्टर आला. तेओफिलने अंडी रंगवली नाहीत. प्रोफिराने आणून दिलेली लाल अंडी त्याने ताटलीत तशीच ठेवली. ईस्टरच्या पुढल्या आठवड्यात प्रोफिरा कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"तिचा चाळिसावा, दानाचा दिवस जवळ आला. काय काय देणार आहेस?"

"पलंग देईन. भांडी. तिचा कोट."

"आणि मशीन?"

त्याने ताटलीतलं लाल अंडं उचलून परत ठेवलं.

"तेओफिल, इथे जिवंत माणसाच्या हाती जे देऊ तेच तिच्या हाती पोचतं. जे तो घालेल ते ती घालेल, ज्यावर तो शिवेल त्यावर ती शिवेल. मशीन दिली नाहीस तर ती तिथे काय करत बसेल? ढग मोजत?"

"झामफिराबाईंची देतो. तिच्याहून चांगली मशीन या जिल्ह्यात नाही."

"ती झामफिराची. झामफिरा नसेल का तिथे? दोघींत भांडणं लावायचीत तुला?" प्रोफिरा म्हणाली. मग जरा नरमाईने, "तिची तिला दे रे. आणि नीट करून दे. जशी इथून जाईल तशीच तिथे पोचेल."

ती गेल्यावर तेओफिल मागच्या खोलीत गेला. मशीनवर लाकडी झाकण होतं, झाकणावर अग्लायाने भरतकाम केलेला रुमाल, रुमालावर रिकामी फुलदाणी. मयतानंतर त्याने या खोलीचं दार उघडलं नव्हतं. त्याने फुलदाणी उतरवली, रुमालाची घडी घातली, झाकण उचललं.

सुईखाली सदरा होता.

दोन्ही बाह्या लागलेल्या, गळा झालेला, एक बाजू खालपर्यंत शिवलेली. दुसरी बाजू अर्ध्यावर. सुई कापडात रुतलेली, कापड दाबणारा मशीनचा पाय खाली केलेला, दोरा ओवलेला. तिच्या आईने विणलेलं लिनन. पडदा.

तो स्टुलावर बसला. आयुष्यभर त्याने टिपा वाचल्या होत्या. कुठल्या मशीनचं काय दुखतंय ते त्याला कापडाच्या चिंधीवरून कळायचं. हेही त्याला वाचता आलं, वाचायचं नव्हतं तरी. अर्ध्या बाजूच्या शिवणीलगत सुईच्या भोकांची एक ओळ होती, तिच्यात दोरा नव्हता. तिच्या शेजारी दुसरी ओळ. तिच्या शेजारी आणखी. अग्लाया शिवत गेली होती, कापड उलटून पाहिलं होतं, गाठ दिसली होती, उसवलं होतं. पुन्हा शिवलं होतं. पुन्हा उसवलं होतं. जुनं लिनन भोकं विसरत नाही. जिथे टीप टिकली होती तिथे ती सरळ होती, आखल्यासारखी. दोन बोटांत दोरा धरून, श्वास रोखून घातलेली. आणि शेवटी, जिथे सुई थांबली होती, तिथे त्याने कापड खालून चाचपलं. बोटाला गुंता लागला. घट्ट, कडक, छातीच्या डाव्या अंगाला.

ती पुन्हा उसवायच्या आधी, वर झाकण ठेवून, पाणी आणायला गेली होती.

भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं. त्यात ईस्टर लाल रंगात छापलेला असतो. ईस्टर झाला होता.

त्याने हत्यारांची पिशवी आणली. आधी त्याने चुलीवर चहाला पाणी ठेवलं, कारण मोठं काम काढलं की तो लिंडनच्या फुलांचा चहा घ्यायचा, आणि हे काम मोठं असणार असं त्याने धरून ठेवलं होतं. झीज असेल, स्प्रिंग गेली असेल, कदाचित आतला दांडाच वाकला असेल. एवढी वर्षं त्रास देणारी गोष्ट मोठीच असायला हवी. त्याने मशीनचा पाय वर केला, सदरा हळूच बाहेर काढला, दोरा न तोडता. मग वरच्या दोऱ्याच्या ताणाच्या दोन चकत्या सोडवल्या.

चकत्यांच्या मध्ये लाल रंगाची एक चिकट गुठळी होती. बोटाच्या नखाएवढी. त्याने ती चिमट्याने ओढली, उजेडात धरली. फ्लॅनेलची लव होती. त्याच्या रुमालांची. त्याच्या बायांना पुसायला तिने शिवलेल्या त्या चौकोनांची लव वर्षानुवर्षं तिथे बसत गेली होती, तेलाने घट्ट झाली होती, आणि चकत्यांना मिटू देत नव्हती. दोरा मोकळाच पळत होता.

त्याने चकत्या पुसायला घेतल्या. रुमालाला हात गेला तेव्हा तो थांबला, आणि त्याने सदऱ्याच्या बाहीने, स्वतःच्या सदऱ्याच्या, पुसल्या. परत बसवल्या. एका चिंधीवर टीप मारली. उलटून पाहिली. खालून वरून सारखी, एक गाठ नाही.

चुलीवरचं पाणी अजून उकळलं नव्हतं.

प्रोफिराला त्याचं ओरडणं दोन परसांपलीकडे ऐकू आलं. ती धावत आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता, सदरा मांडीवर धरून, तान्हं मूल धरावं तसा. तिने सदरा पाहिला, उलटला, भोकांवरून बोट फिरवलं. छातीवर क्रूस केला. शिव्या द्यायला तिने तोंड उघडलं, आणि एकही दिली नाही.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी पुरा करते."

"मी करतो."

"तू? तुला बटण लावता येत नाही. मागच्या वर्षी तू पँटला तारेने बटण बांधलंस, अग्लायाने अख्ख्या गल्लीला दाखवलं."

"मी करतो, प्रोफिरा."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग स्टूल पुढे ओढून दिलं. "निदान कापड ओढू नकोस. तिचं तिला जाऊ दे. तू नुसता हात ठेव."

गुंता त्याने सुईच्या टोकाने सोडवला, एक एक फेर. त्यात संध्याकाळ गेली. मग पायट्यावर पाय ठेवला. जन्मभर त्याने हजारो मशिनी चालवून पाहिल्या होत्या, पण त्या चिंध्यांवर. जे कुणी अंगावर घालेल असं काही त्याने कधी शिवलं नव्हतं. त्याची टीप नागमोडी गेली. अग्लायाची सरळ शिवण जिथे संपली तिथून पुढे त्याची वाकडी सुरू झाली, नीट केलेल्या मशीनवर, एकाही गाठीशिवाय. शेवटी त्याने दोऱ्याची टोकं लांब सोडली. बांधली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो फादर वालेरिउकडे गेला. फादर तरुण होते. या असल्या समजुतींवर दर दोन रविवारांनी एकदा रागावायचे. चर्चच्या मागे ते मधमाश्यांच्या पेट्या साफ करत होते.

"फादर, एक विचारू? तिकडे कपडे बदलता येतात का?"

फादरांनी जाळीचा टोप काढला. त्यांना ब्लाउजची गोष्ट ठाऊक होती, गावात कुणाला नव्हती? "तेओफिलकाका, अग्लायाबाई प्रभूपुढे नायलॉन घालून नाही उभ्या. जन्मभर त्यांनी जे हाताने केलं तेच त्यांच्या अंगावर आहे."

"हो फादर." तेओफिल टोपी हातात फिरवत उभा राहिला. "पण सदरा?"

फादरांनी टोप पेटीवर ठेवला. मग म्हणाले, "आणा. गव्हाच्या प्रसादाशेजारी ठेवा. मी तीर्थ शिंपडतो."

सदरा कुणाला द्यायचा हा प्रश्न प्रोफिराने सोडवला. अग्लायाच्या चणीची बाई हवी, जिच्या अंगाला तो बसेल. गल्लीच्या टोकाला सावेता राहायची. गुराख्याची विधवा, काटकुळी, चर्चची फरशी पुसणारी. पाठमोरी दिसली तर अग्लायाच वाटावी. शिवण तिला येत होतं, मशीन कधीच नव्हती.

चाळिसाव्या दिवशी प्रार्थना झाली, उकडलेल्या गव्हाचा अक्रोड घातलेला प्रसाद वाटला गेला. अंगणात मशीन ठेवली होती, तिच्यावर घडी घातलेला सदरा, सदऱ्यावर गोल पाव, पावात पेटती मेणबत्ती. तेओफिलने मशीनच्या एका बाजूने हात पुढे केले, दुसऱ्या बाजूने सावेताने.

"घे सावेताबाई. अग्लायाच्या आत्म्यासाठी."

"देव तिला क्षमा करो. हे तिकडे तिच्यापुढे असो," सावेता म्हणाली आणि मेणबत्ती घेतली. मग तिने सदरा उचलला. लिननवरून हात फिरवला, गळा पाहिला, बाह्या पाहिल्या, आतली शिवण पाहिली. एकही गाठ नाही हे तिला लगेच कळलं. तिने तो छातीशी धरला आणि ती रडायला लागली.

"हा मी अंगाला लावणार नाही," ती म्हणाली. "पेटीत ठेवीन. मला काय वाटायचं सांगू? माझं काहीच तयार नाही. मेले तर मला कुणाच्या तरी उतरलेल्या कपड्यात गुंडाळून नेतील. रोज वाटायचं. आता माझा आहे. आता मी सुखाने मरेन."

प्रोफिराने तोंड उघडलं. तेओफिलने तिच्या पायावर पाय दिला.

"ठेव, सावेताबाई," तो म्हणाला. "तुझाच आहे."

फाटक लागल्याबरोबर प्रोफिरा त्याच्यावर धावून आली. "मूर्खा! ती घालेपर्यंत अग्लायाला मिळणार नाही! सांगितलं असतं, बाई, एकदा तरी चर्चला घालून ये, मग ठेव. काय बिघडलं असतं?"

"तिचा चेहरा पाहिलास?"

"पाहिला. आणि अग्लाया? ती माझा ब्लाउज घालून फिरत राहील, पाठीत टाचण्या लावून? सावेता घोड्यासारखी आहे. अजून वीस वर्षं जगेल!"

"दिलं ते दिलं," तेओफिल म्हणाला. "अट घालून दिलेलं पोचत नाही."

त्यानंतर तो नव्या मशिनी आणायला गेला नाही. लोक निरोप पाठवायचे, अमक्या माळ्यावर एक आहे, सोनेरी सिंह काढलेली, अगदी जुनी. तो नाही म्हणायचा. गल्लीतल्या कुणा बाईची वापरातली मशीन अडली तर मात्र हातातला घास ठेवून उठायचा आणि त्याच पावली नीट करून द्यायचा. घरातल्या मशिनींवर धूळ बसली. लाल रुमाल त्याने एका टोपलीत घालून खाटेखाली सरकवले.

हिवाळ्यात सावेताला खोकला झाला. चर्चमध्ये ती फरशीवर ओणवी झाली की खोकल्याने तिचे खांदे हलायचे. एका रविवारी तेओफिल खांबाआड उभा होता आणि तो खोकला ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या मनात काहीतरी हलकं झालं, आणि ते काय होतं हे त्याला कळलं: आता सदरा लवकर पोचेल. तो तडक फादरांकडे गेला, कबुलीसाठी गुडघ्यांवर बसला, बराच वेळ उठला नाही. दुपारी त्याने सावेताच्या दारात लाकडाचा भारा टाकला, लिंडनची फुलं आणि मधाची बरणी ठेवली. रोज ठेवत राहिला. सावेता बरी झाली. प्रोफिरा म्हणाली, "पाहिलंस? घोडा." दिवा लावताना सावेताचं नाव घ्यायला त्याने तेव्हापासून सुरुवात केली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा प्रोफिरा त्याच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. "मी विचार करत होते," ती म्हणाली. "मशीन तर पोचलीय ना तिला? सावेता रोज शिवते त्यावर. मग अग्लायाही शिवतच असेल. इतकी हुशार बाई, ती काय सावेताची वाट बघत बसेल? स्वतःचा नवा शिवून घेईल."

"कशाचा?" तेओफिल म्हणाला. "कापड कुठाय तिच्याकडे?"

प्रोफिराच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला आणि लिनन घेऊन आला. अग्लायाच्या आईच्या हातचं नव्हे, दुकानातलं, पण पांढरं आणि दाट. वर्षाच्या प्रार्थनेनंतर त्याने ते मेणबत्तीसकट सावेताच्या हातात दिलं.

"देव तिला क्षमा करो," सावेता म्हणाली. "हेही पेटीत ठेवू?"

"नको. हे शीव. आणि घाल."

"काय शिवू?"

"जे तुला हवं ते. पण घाल, सावेताबाई. शिवलंस की लगेच घाल."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिला काय कळलं कोण जाणे, तिने मान डोलावली.

स्मशानाची वाट तिच्या घरावरून जाते. त्याच दुपारी तेओफिल तिथून निघाला तेव्हा उघड्या खिडकीतून मशीन ऐकू आली. लांब शिवण असावी. टीप एका दमात गेली, कुठे अडखळली नाही, कुणाला दोरा चिमटीत धरावा लागला नाही. वळणापर्यंत ती त्याच्या मागे येत राहिली. अग्लायाच्या हाताखाली ती अशी चाललेली त्याने किती वर्षांत ऐकली नव्हती ते आठवायचा प्रयत्न त्याने केला, आणि सोडून दिला.

थडग्यावरचं गवत त्याने उपटलं. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती, तळव्याचा आडोसा करून पुन्हा लावली. दोन आठवड्यांवर ईस्टर होता. सवयीने त्याच्या तोंडाशी शब्द आले, थोडं थांब, ईस्टर झाला की. त्याने ओठ घट्ट मिटले, स्क्रू धरावेत तसे.

"कापड पाठवलंय," मग तो म्हणाला. "मशीन नीट आहे आता. मी पाहिलीय."